मुद्रा आणि ठसा

सार्वजनिक संस्थेचें चिन्ह ही दिसावयास लहान, परंतु परिणामानें मोठी अशी वस्तु आहे. गणेशोत्सव मंडळ असो, क्रीडामंडळ असो, महिला मंडळ असो कीं वाचनालय असो. पावतीवर, निमंत्रणपत्रिकेवर, खेळाडूंच्या सदऱ्यावर आणि रस्त्यावरील फलकावर तें चिन्ह दिसलें म्हणजे लोक नांव न वाचतांही संस्था ओळखतात व विश्वासानें वर्गणी देतात. असें असतां हें चिन्ह दुसऱ्याकडे पाठवितांना बहुतेक संस्थांचे चिटणीस जी बेपर्वाई दाखवितात, तिचा विचार या खेपेस वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

आमच्या माहितींतील एका वाचनालयाचें उदाहरण घ्या. त्याचें चिन्ह म्हणजे एका चित्रकलाशिक्षकांनीं फार वर्षांपूर्वीं रेखाटलेली पांच वातींची समई व तिच्याखालीं संस्कृत ब्रीदवाक्य. मूळ कागद वाळवीनें खाल्ला. अमृतमहोत्सवाच्या वेळीं हातीं लागलें तें एका जुन्या पत्रिकेचें मोबाईलवर घेतलेलें छायाचित्र, आणि तेंही दहा ठिकाणांहून फिरून आलेलें. फलक करणाऱ्या कारागिरानें त्या धुरकट आकृतीवरून अंदाजानें नवी आकृति काढली. समईच्या पांच वातींचें पांच पाकळ्यांचें फूल झालें. ब्रीदवाक्यांतील विसर्ग गळाला आणि रेफ शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला. कारागिरास दोष देतां येत नाहीं. त्याला जें दिलें तेंच त्यानें वाचलें. आज तें फूल संगमरवरी पाटीवर कोरलेलें आहे, आणि तेथें येणाऱ्या मुलांस समई होती हें ठाऊकच नाहीं.

असें कां होतें हें समजण्यास मुद्रा आणि ठसा यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. मुद्रा एक असते; तिच्यापासून हजार ठसे उमटविले तरी शेवटचा ठसा पहिल्याइतकाच स्वच्छ येतो. परंतु ठशावरून ठसा, त्या ठशावरून आणखी ठसा, असें करीत गेल्यास अखेरीस नुसता डाग उरतो. संगणकावरील चित्रांचेही असेच दोन वर्ग आहेत. एका वर्गांत चित्र म्हणजे मोजक्या रंगीत ठिपक्यांची रांगोळी असते. दुसऱ्यांत ठिपके नसतातच. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वक्र रेषा काढ आणि आंत अमुक रंग भर’ अशी भूमितीची आज्ञा लिहिलेली असते. पहिला वर्ग ठशाचा, दुसरा मुद्रेचा.

थोडें गणित करूं. चांगल्या छपाईस इंचामागें सुमारें ३०० ठिपके लागतात. पावतीवरील दोन इंची चिन्हास ६०० ठिपके पुरे झाले. तेंच चित्र फलकावर चार फूट रुंद केलें, तर ४८ इंचांत ते ६०० ठिपके पसरून इंचाच्या वांट्यास साडेबारा येतात. फलक दुरून पाहावयाचा असल्यानें तेथें ठिपके कमी चालतात हें खरें, तथापि इतके कमी नव्हेत. भूमितीच्या आज्ञेस मात्र दोन इंच काय आणि चार फूट काय, सारखेंच.

आतां प्रकार पाहूं. १९९२ मध्यें प्रमाण ठरलेला जेपेग हा छायाचित्रांसाठीं निर्माण झाला. तो चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो व डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील टाकून देऊन फाइल लहान करतो. ढग, झाडें, चेहरे यांत ही काटछाट खपून जाते. परंतु चिन्हाच्या तीक्ष्ण कडांभोंवतीं व अक्षरांभोंवतीं मळकट डाग उमटतात, आणि बदल करून पुन्हां साठविलें कीं दर वेळीं नवी झीज होते. शिवाय त्यांत पारदर्शकता नाहीं. म्हणून गोल चिन्ह भगव्या फलकावर ठेविलें कीं मागें पांढरा चौकोन चिकटलेला दिसतो. १९९६ मधील पीएनजी हाही ठसाच, पण प्रामाणिक ठसा: तो कांहीं टाकून देत नाहीं व पार्श्वभूमि पारदर्शक ठेवतो. पडद्यावरील कामास तो उत्तम. २००१ मध्यें मान्य झालेला एसव्हीजी ही खरी मुद्रा. पीडीएफ ही नुसती पेटी आहे. तींत मुद्राही ठेवतां येते आणि ठसाही. ठसा पेटींत घातल्यानें त्याची मुद्रा होत नाहीं. परीक्षा सोपी आहे: पडद्यावर आठपट मोठें करून पाहावें. कडा धारदार राहिल्या तर मुद्रा; पायऱ्या-पायऱ्या दिसल्या तर ठसा.

आपल्या देवनागरीचा प्रश्न याहून नाजूक आहे. चिन्हांतील नांव ज्या फाँटमध्यें लिहिलें, तो पलीकडच्या संगणकावर नसल्यास जोडाक्षरें मोडतात, वेलांट्या भलतीकडे जातात, कधीं सगळीच अक्षरें निरर्थक होतात. म्हणून छापखानेवाले ‘अक्षरें कर्व्ह करून द्या’ असें सांगतात. म्हणजे अक्षराचें अक्षरपण काढून त्याची निव्वळ रेखाकृति करावयाची. तसें केल्यावर तें कोठेंही सारखेंच दिसतें. मात्र पुढें दुरुस्तीसाठीं कर्व्ह न केलेली एक प्रतही जपावी.

येथें कोणी शंका घेईल: मुद्राच दुसऱ्याच्या हातीं दिली तर खोट्या पावत्या निघणार नाहींत काय? विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकांत राक्षसाची मुद्रांकित अंगठी चाणक्याच्या हातीं पडली आणि तेवढ्यावरून राक्षस व मलयकेतु यांत फूट पाडतां आली. शंका रास्त आहे. परंतु लबाडास धुरकट ठसाही पुरतो; त्यावर उपाय पावतीचा अनुक्रमांक, स्वाक्षरी व हिशेब हा आहे, चिन्ह लपविणें हा नव्हे. तरीही छापखान्यास मुद्रा द्यावी, आणि इतरांस पीएनजी ठसा द्यावा, हा विवेक बरा.

तेव्हां प्रत्येक चिटणीसानें एवढें करावें. एसव्हीजी, कर्व्ह केलेली पीडीएफ, आणि सुमारें २००० ठिपके रुंदीची पारदर्शक पीएनजी अशा तीन फाइली एका जागीं ठेवाव्या. गडद पार्श्वभूमीसाठीं पांढऱ्या रंगांतील एक प्रत करावी. रंगांचे आंकडे लिहून ठेवावे, कारण पडद्यावरील झगझगीत केशरी शाईंत फिका उतरतो. व्हॉट्सअॅपवर चिन्ह छायाचित्र म्हणून धाडल्यास तें दाबून लहान होतें; ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडल्यास जसेंच्या तसें पोंचतें. आणि पदाधिकारी बदलतील तेव्हां दप्तर, शिक्का व बँकेचें पुस्तक यांच्या यादींत या फाइलींचीही नोंद असावी.

ज्यांच्याजवळ मूळ उरलें नाहीं त्यांनीं सर्वांत स्वच्छ असा जुना छापील कागद शोधावा, तो स्कॅन करून त्यावरून रेखाकृति करवून घ्यावी, आणि ती छापण्यापूर्वीं एखाद्या वृद्ध सभासदाकडून मात्रा-विसर्गासह तपासून घ्यावी. हें काम पुढच्या वर्षावर ढकलूं नये. जुनें चिन्ह ओळखणारीं माणसें आहेत तोंवरच तें होण्यासारखें आहे.