शेजारचे जोन्स आणि आपली लेकरं

इंग्रजीत 'कीपिंग अप विथ द जोन्सेस' असा एक वाक्प्रचार आहे. शब्दशः अर्थ 'जोन्स कुटुंबाच्या बरोबरीने राहणे'. खरा अर्थ मात्र असा, की शेजाऱ्याने घेतलं म्हणून आपणही घ्यायचं, परवडत नसलं तरी.

1913 साली न्यूयॉर्कच्या 'ग्लोब' या वर्तमानपत्रात आर्थर मोमंड या चित्रकाराने याच नावाची चित्रमालिका सुरू केली. त्यातलं मॅकगिनिस कुटुंब शेजारच्या जोन्स मंडळींची बरोबरी करण्यासाठी धडपडत असतं. गंमत अशी, की हे जोन्स चित्रात कधी दिसतच नाहीत! त्यांच्याबद्दल फक्त बोललं जातं.

आपल्याकडे 'ऋण काढून सण करणे' म्हणतात, 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असंही म्हणतात. पण या म्हणी स्वतःच्या ऐपतीकडे बघायला सांगतात. इंग्रजी वाक्प्रचार बोट ठेवतो तो शेजाऱ्यावर लागलेल्या नजरेवर.

आता आपल्या चारठाण्याकडे, आजूबाजूच्या गावांकडे बघा. "त्यांचं लेकरू इंग्रजी शाळेच्या गाडीत जातं, मग आपलं का नाही?" "अमक्याचा मुलगा लातूरला नीटच्या क्लासला गेला, आपणही पाठवू." सोयाबीन-कापसाचा पैसा हाती येण्याआधीच फीची तारीख येते, आणि उसनवारी सुरू होते. ज्याच्याकडे बघून हे चाललंय, त्याचं लेकरू तिथं खरंच शिकतंय का, खुश आहे का, हे कुणी विचारलेलं नसतं. म्हणजे आपलेही जोन्स न दिसणारेच!

इंग्रजी यायलाच पाहिजे, डॉक्टर व्हायचं स्वप्नही चांगलंच. माझा आक्षेप फक्त कारणाला आहे. 'माझ्या लेकराला काय जमतं, काय आवडतं' हे कारण असेल तर खर्च जरूर करा. 'लोक काय म्हणतील' हे कारण असेल तर थांबा. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असंच सांगतं. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत फी नसते.

आपण शिक्षकही यातून सुटलेलो नाही बरं का. वर्गात "त्याच्याकडे बघ, किती मार्क पडले!" हे वाक्य आपणच बोलतो. त्याऐवजी "मागच्या महिन्यात तुला भागाकार येत नव्हता, आज आला" असं म्हणून बघा. तुलना राहू द्या, पण ती लेकराची त्याच्या कालच्या स्वतःशी असू द्या.

आपल्या गावात जुनी मंदिरं आहेत, बारव आहे. एक दिवस मुलांना तिथं न्या, पायऱ्या मोजू द्या, चित्र काढू द्या, इंग्रजीत चार वाक्यं लिहू द्या. याला फी लागत नाही आणि कुणाची बरोबरीही करावी लागत नाही.

पुढची फी भरण्याआधी घरात एकच प्रश्न विचारा: हे लेकरासाठी चाललंय, की जोन्ससाठी?