आधी वाद्य बघा, मग स्वतःला शिव्या द्या

सॅक्सोफोन शिकायला लागून सहा महिने झालेल्या कुणालाही विचारा, "खालचे सूर का लागत नाहीत रे?" तो मान खाली घालून म्हणेल, "अजून ओठ तयार नाही झाले माझे." दम कमी पडतो, रीड जाड आहे, रियाज होत नाही... कारणांची यादी तयार असते, आणि यादीतलं प्रत्येक कारण त्याच्या स्वतःच्या नाकर्तेपणाचंच असतं. वाद्याला कुणी दोष देत नाही. आपल्याकडे 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण लहानपणापासून इतकी डोक्यात भरलेली असते, की अंगण खरंच वाकडं असलं तरी तसं म्हणायची लाज वाटते.

माझं अंगण चार महिने वाकडं होतं.

सेकंडहँड आल्टो घेतला होता. मधले सूर बरे यायचे. पण लो डीच्या खाली गेलं की सूर गुळण्या केल्यासारखा गुरगुरायचा आणि टुणकन उडी मारून वरच्या सप्तकात जायचा. सर म्हणाले, घसा मोकळा सोडा, जोर लावा. जोर लावला. शेजारच्यांनी बेल वाजवली. एका दुकानात दाखवला तर त्यांनी ढुंकून न बघता "सगळे पॅड बदलावे लागतील" म्हणून सांगितलं, आणि जो आकडा सांगितला तो वाद्याच्या किमतीच्या जवळपास निम्मा होता. तेव्हा मी तो विकायच्या विचारात होतो, खोटं कशाला बोला. वाटलं, आपल्याला जमणारच नाही हे. पस्तिशीत कशाला नसती थेरं!

मग एका लग्नात बँडबरोबर आलेल्या, वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांशी गप्पा झाल्या. दुसऱ्या दिवशी सॅक्स घेऊन गेलो. त्यांनी तो वाजवलासुद्धा नाही. नेककडे एकदा बघितलं, अंगठा ठेवला, दुसऱ्या हाताने रिंग किंचित दाबली आणि परत दिला. "किती दिवस असं वाजवताय?" म्हटलं, चार महिने. "मग फुप्फुसं चांगली झाली असतील," म्हणाले.

त्यांनी काय केलं ते कळायला ऑक्टेव्ह कीचा फंडा माहीत हवा. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून त्याच बोटांवर वरचं सप्तक मिळतं (क्लॅरिनेटची नळी सरळ, तिथे हे गणित चालत नाही). वरच्या सप्तकात जायला नळीत वरच्या बाजूला एक बारीकसं छिद्र उघडावं लागतं. खरं तर प्रत्येक सुरासाठी हे छिद्र वेगळ्या जागी हवं. ते शक्य नाही, म्हणून तडजोड: दोन छिद्रं. एक बॉडीवर, साधारण डी ते जी शार्पपर्यंत. दुसरं नेकवर, ए आणि त्याच्या वरच्या सुरांसाठी. अडॉल्फ सॅक्सने 1846 साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलं, त्या काळच्या वाद्यांना अंगठ्यासाठी दोन वेगळ्या कळा असायच्या आणि कुठली कधी दाबायची ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. आता कळ एकच. कुठलं छिद्र उघडायचं हे तुमच्या डाव्या हाताचं तिसरं बोट, म्हणजे जीची कळ, ठरवते. बोट खाली असेल तर बॉडीचं, उचललं की नेकचं. आमच्या भाषेत साधा इफ-एल्स. फक्त तो कोडमध्ये नाही, पितळी दांड्या, दोन-तीन स्प्रिंगा आणि कॉर्कच्या तुकड्यांमध्ये लिहिलाय. म्हणजे बग कुठे निघणार ते उघड आहे.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे नेकची रिंग. बॉडीतून एक पिन वर येते आणि नेकभोवतीच्या रिंगला आतून ढकलते, की नेकवरचं पॅड उघडतं. अंगठा दाबलेला नसताना पिन आणि रिंग यांच्यात डोळ्याला दिसेल एवढी फट हवीच. ती गेली की पॅड केसभर उघडं राहतं. दिसत नाही, पण हवेला कळतं. खालचे सूर उड्या मारतात ते याच्यामुळे. आणि फट जाते कशी? आपल्याच हाताने! नेक बसवताना आपण ती पकडतो कुठे, तर नेमकी ऑक्टेव्ह कीवर, आणि मग पिळून पिळून आत घालतो. रोज थोडी थोडी वाकते.

तपासायला वाजवावंसुद्धा लागत नाही. नेक लावा. अंगठा कळीवर ठेवू नका आणि जीची कळ जोरजोरात आपटा. नेकवरचं पॅड जागचं हललं तर तिथे फट कमी आहे. मग अंगठा दाबून धरा आणि तिसरं बोट वर-खाली करा. दोन पॅड्सनी आळीपाळीने उघडझाप केली पाहिजे, एका वेळी एकच. दोन्ही उघडी दिसली तर वरचा जी चिरका येतो. ए धरून नेकचं उघडलंच नाही तर वरच्या एच्या जागी खालचाच वाजतो. नेक थोडी डावी-उजवीकडे फिरवून पुन्हा बघा, कारण वाजवताना आपण ती रोज नेमकी त्याच कोनात लावत नाही. सगळं मिळून पाच मिनिटं. ही पाच मिनिटं मी चार महिन्यांत दिली नव्हती, आणि रोज रात्री स्वतःचा बग शोधत बसलो होतो.

आता दुरुस्ती. पॅड अंगठ्याने घट्ट बंद दाबून धरायचं आणि पिन रिंगला ज्या बाजूला ढकलते त्याच बाजूला रिंग हलकेच रेटायची. हलकेच म्हणजे खरंच हलकेच, एकदा रेटायची आणि पुन्हा तपासायचं. उलट तक्रार असेल, पॅड पुरेसं उघडत नसेल, तर पॅडखाली आइस्क्रीमच्या काडीसारखं काहीतरी मऊ लाकूड ठेवून रिंग उलट्या बाजूला. पक्कड अजिबात घ्यायची नाही. मी काकांकडे जायच्या आधी एकदा घेतली होती, तो ओरखडा अजून आहे.

रिंग ठीक असूनही गळत असेल तर पॅडच बघावं लागतं. पानटपरीवर सिगारेट वळायचा कागद मिळतो, त्याची बारीक पट्टी पॅडखाली ठेवून कळ मिटू द्यायची आणि हळूच ओढायची. चारही बाजूंना सारखं अडकायला हवं. एका बाजूने सुळकन निघाली तर तिथून हवा जातेय. दुसरा उपाय, नेक काढून तिचं खालचं तोंड तळव्याने बंद करायचं आणि दुसरीकडून हलकेच फुंकायचं. (ओढून बघू नका. ओढल्यावर पॅड आपोआप चिकटतं आणि गळती लपते. मी यात फसलोय.) पावसाळ्यात पॅड चिकटतात, तेव्हा त्याच कागदाने टिपून घ्यायचं, पावडर टाकायची नाही. आणि नुसता फसफस आवाज येत असेल तर छिद्रात थुंकी-कचरा साठलेला असतो. पाइप क्लीनर फिरवला की काम झालं. सुई, सेफ्टी पिन वगैरे नको.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहितेय. "नाजूक वाद्य आहे, हात लावू नका, तज्ज्ञाकडे न्या." तत्त्वतः मान्य. पण तज्ज्ञ आहेत कुठे? गिटारची तार बदलून देणारा गल्लोगल्ली मिळेल. सॅक्सोफोनचा माणूस मुंबई-पुण्यात शोधावा लागतो, सोलापूर-नांदेडला तर बँडवाल्यांनाच विचारावं लागतं. आणि ते बँडवाले वर्षानुवर्षं स्वतःच्या हातानेच हे सगळं करत आलेत. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी रबरबँड लावून अख्खी वरात वाजवून काढतात. आपणच तेवढे नाजूक, वॉरंटी कार्ड जपणारे.

मी माझ्यापुरती रेघ आखलीय. स्क्रू न काढता जे होतं ते घरी. स्क्रू काढायची वेळ आली, दांडी वाकली, डाग सुटला, की गुमान दुकान. पण दुकानात जातानासुद्धा "सूर नीट येत नाही हो" असं म्हणत जायचं नाही. "नेकचं पॅड जी आपटल्यावर हलतंय" असं सांगायचं. मग सगळे पॅड बदलायचा आकडा कुणी तोंडावर फेकत नाही. आणि सरांनासुद्धा, अगदी आदराने, एकदा म्हणावं की सर, माझा सॅक्स जरा तुम्ही वाजवून बघता का? माझ्या सरांनी चार महिन्यांत तो हातात घेतला नव्हता. चांगले वाजवतात, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

अरे हो, एक राहिलंच. केसमध्ये एक प्लॅस्टिकचं बूच येतं, बॉडीच्या वरच्या तोंडात बसणारं. बरेच जण पॅकिंगचं समजून फेकून देतात. ते त्या पिनला केसमध्ये धक्का लागू नये म्हणून असतं हो! माझ्या सेकंडहँड वाद्याबरोबर ते आलंच नव्हतं, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती.

सध्या काय, तर जी आणि ए पटपट वाजवलं की टकटक आवाज येतोय. पिनच्या दांडीखालचा कॉर्कचा तुकडा गळून पडलाय, काल रात्री केसच्या कोपऱ्यात सापडला. नशीब, तेवढ्याच जाडीचा परत बसवायचाय, नाहीतर फटीचं सगळं गणित पुन्हा करत बसलो असतो. फेव्हिबॉन्डची ट्यूब मात्र उघडून बघितली तर दगड झालीय. कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान रविवारी एकपर्यंतच उघडं असतं, तेव्हा पळतो.