महिन्याचा हप्ता नको, पूर्ण किंमत सांगा

आमचे बाबा पुण्याच्या मंडईत दहा रुपयांसाठी घासाघीस करतात. पण इथे अमेरिकेत नवीन पिकअप ट्रक घ्यायला गेले, की गप्प! मला हे पटत नाही.

नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद असतो. १९५८ च्या कायद्यामुळे नव्या कारवर तो लावावाच लागतो. पण ती कंपनीने फक्त सुचवलेली किंमत असते. डीलर त्यापेक्षा कमी घेऊ शकतो, जास्तही मागू शकतो. म्हणजे बोलायला जागा आहे.

सेल्समन आधी विचारतो, "महिन्याला किती भरू शकाल?" इथेच माणूस फसतो. महिना ६०० डॉलर, ७२ महिने: ४३,२०० डॉलर. हप्ता ५४० केला, पण ८४ महिने, तर ४५,३६०! हप्ता कमी झाला म्हणून आई खूश झाली होती. मी फोनवर हिशोब करून दाखवला.

आपण विचारायचं, "टॅक्स, कागदपत्रांची फी, सगळं धरून एकूण किती?" हा आकडा दोन-तीन डीलरांकडून लेखी मागवायचा. मग सगळ्यात कमी आकडा दाखवून घासाघीस करायची. त्यात लाज कसली?

बाबा म्हणतात, "अगं, मंडईतला भाजीवाला ओळखीचा असतो. हा तर टाय लावून बसलाय!"