अकरावीचा फॉर्म भरण्याआधी : पालकांना आणि गावकऱ्यांना आवाहन

दहावीचा निकाल लागला की नेट कॅफेत काय चालतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. वडील ऑपरेटरशेजारी खुर्ची ओढून बसतात, शाखा सांगतात, कॉलेजांचा क्रम सांगतात. ज्याला तिथे दोन वर्षं शिकायचंय तो मुलगा मागे उभा. त्याला विचारतात ते एवढंच, "ओटीपी आला का रे?"

पालकहो, यंदा त्या खुर्चीवर मुलाला बसू द्या. मुलीलाही.

2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. शेजारच्याचं बघून, घाईघाईत भरलेला पसंतीक्रम पुढे भोवतो. "सायन्स घेतलं की सगळं मोकळं राहतं" हे अर्धंच खरं. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, नौदल आणि हवाई दलासाठी फिजिक्स-केमिस्ट्री-गणित लागतं. लष्कराला बारावीची कोणतीही शाखा चालते, आणि 2022 पासून मुलीही एनडीएत आहेत. पाच वर्षांच्या वकिलीच्या सीईटीलाही शाखेची अट नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयमधला इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा कोर्स दोन वर्षांत होतो. आयटीआय म्हणजे कमी मार्कांची जागा, हे मुलांच्या देखत बोलणं कृपा करून बंद करा. हाताने काम करायला आवडणारं पोर त्या एका वाक्याने गप्प होतं आणि मग आपल्याला वाटतं, याला कशातच रस नाही.

पैशाचं मात्र मोकळेपणाने बोला. क्लासची फी किती झेपेल, कर्ज काढावं लागेल का, हे मुलांना आकड्यांत सांगा. सोळाव्या वर्षी ते कळतं. आधी लपवायचं आणि नंतर "तुझ्यासाठी एवढं केलं" म्हणून ऐकवायचं, हे त्यांना सोसत नाही.

दाखल्यांची धावपळ ही आपली जबाबदारी. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रीमिलेअर वेळेत काढा. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करून टाका. बारावीच्या निकालानंतर पडताळणी समितीच्या दारात रडणारे आई-बाप दरवर्षी दिसतात.

आता गावातल्या बाकीच्यांना विनंती. तुमचं गॅरेज, दवाखाना, वकिलाचं ऑफिस, दूध डेअरी, शिवणकामाचं दुकान, जे असेल तिथे सुट्टीत एखाद्या नववी-दहावीच्या मुलाला दिवसभर बसू द्या. काम दाखवा, कमाई सांगा, त्रासही सांगा. आमच्या मुलांनी डॉक्टर पाहिलाय तो फक्त पेशंट म्हणून.

पोर जेवत नसेल, झोपत नसेल, निकालाचं नाव काढलं की दार लावून घेत असेल, तर आधी करिअरचा विषय बाजूला ठेवा. 14416 या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

ज्यांना आपलं काम मुलांना दाखवायचंय त्यांनी जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडे नाव द्यावं. याच आठवड्यात द्यावं.