मैदान सुटले तरी खेळ सुटू नये

कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खेळलेली मंडळी आपल्या इतवारीत कमी नाहीत. किराणा ओळीत, सराफ्यात आज ती गल्ल्यावर बसलेली दिसतात. पदवी हाती आली की खेळ सुटतो. जेवण मात्र खेळाडूचेच राहते. मग चाळिशीच्या आतच पोट सुटते, रक्तदाब वाढतो. माझ्या मते यावर उत्तम उपाय म्हणजे, जे शिकलात ते मोहल्ल्यातल्या पोरांना शिकवा.

उदाहरण नागपूरचेच आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली भर पावसात फुटक्या बादलीने फुटबॉल खेळणारी झोपडपट्टीतली पोरे पाहिली. त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ आणि पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. २०१० साली रिओ दि जानेरो येथील बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार असलेला अखिलेश पॉल याच मुशीतला. स्पर्धा संपल्यावर तो स्वस्थ बसला नाही, प्रशिक्षक झाला. ही संस्था मुलींना मासिक पाळीची माहितीही खेळातूनच देते. २०१६ साली फिफाने तिला विविधता पुरस्कार दिला.

खर्रा सोडा असे आम्ही डॉक्टर सांगतो, तेव्हा पोरे मान डोलावतात आणि बाहेर पडताच पुडी सोडतात. तेच संघाचा कप्तान सांगेल तर ऐकतात. खर्ऱ्यातील तंबाखू आणि सुपारी दोन्ही कर्करोगाला कारण ठरतात. सुपारीने गालाची आतली त्वचा आखडून तोंड उघडेनासे होते, आणि ते सहसा पूर्ववत होत नाही. हे विशीतल्या पोराला वेळेवर सांगणारा माणूस हवा.

इतवारीच्या गल्ल्यांत जागा कुठे, असे कुणी म्हणेल. पण गांधीबाग आणि चिटणीस पार्क काही दूर नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे, तर मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम हवा. पोरांसोबत रोज तासभर घाम गाळलात, तर दोघांचाही हिशेब चुकता होतो. मात्र बऱ्याच वर्षांनी सुरुवात करणाऱ्यांनी आधी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी, पहिले काही आठवडे नुसते चालावे.

कपाटातल्या प्रमाणपत्रांनी कुणाची प्रकृती सुधारत नाही. माजी खेळाडूंनो, दुकान उघडण्याआधीचा एक तास मोहल्ल्याला द्या.