शुद्ध काळं असं काही नसतं

मेटल ऐकणाऱ्या कुणाशीही दहा मिनिटं बोला, एक वाक्य येणारच. ‘पहिले तीन-चार अल्बम खरे, नंतर त्यांनी माती खाल्ली.’ बँड कुठलाही असो, वाक्य तेच. नॉर्वेच्या डार्कथ्रोनबद्दल तर ते आरतीसारखं म्हटलं जातं. खरं ब्लॅक मेटल म्हणजे १९९२ ते १९९४ मधला डार्कथ्रोन, आणि त्यापुढचं सगळं म्हणजे दोन म्हाताऱ्यांची टाइमपास.

हे वाक्य मला नुसतं चुकीचं वाटत नाही, आळशी वाटतं. त्याच्या मुळाशी शुद्धतेची जी हौस आहे, ती निरुपद्रवी नाही. आणि हे सांगायला डार्कथ्रोनइतका चांगला साक्षीदार नाही. शुद्धतावाल्यांच्या देव्हाऱ्यातली ही मूर्ती त्यांच्याच विरुद्ध बोलते.

सुरुवातीपासून बघू. ऑस्लोजवळ कोल्बोट्न नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या पोरांनी १९८६ मध्ये ब्लॅक डेथ नावाचा बँड काढला आणि पुढच्या वर्षी त्याचं नाव डार्कथ्रोन केलं. ड्रमवर फेनरिझ. थोड्याच दिवसांत नॉक्टुर्नो कुल्टो आला. इंग्लंडच्या पीसव्हिल लेबलने त्यांना करारबद्ध केलं आणि १९९१ मध्ये ‘सोलसाइड जर्नी’ हा पहिला अल्बम आला. तो ब्लॅक मेटल नाही, डेथ मेटल आहे. रेकॉर्डिंग स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत झालं, म्हणजे स्वीडिश डेथ मेटलचा आवाज जिथे घडला तिथेच. जाड गिटार, गुंतागुंतीची रचना, दर काही सेकंदांनी बदलणारा ठेका. पोरं वाजवण्यात तयार होती.

मग त्यांनी ते सगळं फेकून दिलं. दुसऱ्या डेथ मेटल अल्बमचं बरंच काम झालेलं होतं. ते ‘गोटलॉर्ड’ नावाचं काम बाजूला टाकलं, ते बाहेर यायला १९९६ उजाडलं. त्याऐवजी १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ रेकॉर्ड केला. लेबलवाल्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना हवा होता पहिल्यासारखा दुसरा अल्बम, आणि हातात आला हा पातळ, खरखरीत, थंडगार आवाज. आहे तसा काढा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो, असं बँडने बजावलं. या बदलापायी बेसिस्ट बँड सोडून गेला. अल्बमवरचा बेस त्याने पाहुणा म्हणून वाजवलाय. १९९२ मध्ये अल्बम आला आणि आज तो या प्रकारातल्या मूळ ग्रंथांपैकी एक मानला जातो.

म्हणजे ज्याला आपण ‘खरा डार्कथ्रोन’ म्हणतो, तो डार्कथ्रोनने केलेला पहिला विश्वासघात होता. १९९२ मध्ये ‘सोलसाइड जर्नी’चा एखादा निष्ठावान चाहता असेलच, आणि त्यानेही हेच म्हटलं असेल की पहिला भारी होता, आता माती खाल्ली. त्या माणसाचं ऐकलं असतं तर आज तुमच्या टी-शर्टवर काहीच छापलेलं नसतं.

शिवाय तो अल्बमही ‘शुद्ध’ नाही. नीट ऐका. मधे मधे सरळ डेथ मेटलचे रिफ येतात, कारण काही मालमसाला जुन्या काळातला उरलेला होता. नव्या घराच्या भिंतीत जुन्या वाड्याच्या विटा आहेत. आणि ते घर त्यामुळेच उभं आहे.

आता ‘नॉर्वेजियन’ या शब्दाकडे येऊ. ‘ट्रू नॉर्वेजियन ब्लॅक मेटल’ अशी जी अक्षरं आपल्याकडची पोरंसुद्धा छातीवर मिरवतात, त्यातलं नॉर्वेचं किती? ‘ब्लॅक मेटल’ हे नावच इंग्लंडच्या व्हेनमच्या १९८२ च्या अल्बमचं. गार, धूसर आवाजाची वाट दाखवली ती स्वीडनच्या बाथोरीने. संथ, जड, रांगडे रिफ आले स्वित्झर्लंडच्या हेलहॅमर आणि सेल्टिक फ्रॉस्टकडून. चेहऱ्याला पांढरा-काळा रंग फासून, सगळ्यात वेगाने आणि सगळ्यात गलिच्छ वाजवणारी सार्कोफॅगोची पोरं ब्राझीलची. या चळवळीचा स्वयंघोषित पुढारी, मेहेमचा युरोनिमस, स्वतःच्या लेबलवरून साय या जपानी बँडचा पहिला अल्बम काढत होता. नॉर्वेच्या पोरांनी जे केलं ते मोठंच होतं, पण ते उसनं आणून, मिसळून, घासून केलेलं होतं. सगळं संगीत असंच होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटावी ती मिसळ लपवून ‘शुद्ध’ची पाटी लावण्याची.

ती पाटी लागली १९९४ मध्ये.

‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ हा माझ्या मते डार्कथ्रोनचा सगळ्यात सुंदर अल्बम आहे. फेनरिझने सगळी वाद्यं एकट्याने, घरच्या फोर-ट्रॅक मशीनवर वाजवली. नॉक्टुर्नो कुल्टोने फक्त गायलं. पहिलं गाणं फोनवर लावलंत तर फाइल करप्ट आहे असं वाटेल. खालचे स्वर जवळजवळ नाहीतच. ड्रमचा एकच ठेका गाणंभर धावत राहतो. गिटारची तार इतक्या जलद छेडली जाते की वेगळे आघात ऐकूच येत नाहीत, सलग गुंजन होतं. आणि मग काही मिनिटांनी मजा होते. इतक्या वेगाने काहीतरी चाललंय, पण तुम्हाला जाणवतो तो संथपणा. बर्फ पडताना दिसतो ना, तसा. फार थोड्या साधनांत फार मोठी जागा तयार करण्याचं हे कसब आहे.

याच अल्बमच्या मूळ मलपृष्ठावर ‘नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल’ असे शब्द होते. चार गाण्यांचे शब्द वार्ग विकर्नेसचे, जो तेव्हा युरोनिमसच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात होता. अल्बमसोबतच्या निवेदनात बँडने टीकाकारांना ज्यूंवरून शिवी घातली. गदारोळ झाल्यावर खुलासा आला की आमच्याकडे पोरं हा शब्द ‘मूर्ख’ अशा अर्थाने सर्रास वापरतात. हा खुलासा लंगडा आहे. एखाद्या समाजाचं नाव शिवी म्हणून रुळलेलं असणं हा बचाव नसतो, तो गुन्ह्याचा दुसरा पुरावा असतो. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. आपल्याकडे जातींच्या नावांचं काय होतं ते शाळेच्या मागच्या बाकावर सगळ्यांनी ऐकलंय. १९९५ च्या ‘पॅन्झरफाउस्ट’मध्ये त्यांनी छापलं की आम्ही नाझीही नाही आणि राजकीयही नाही. त्याच अल्बममधल्या एका गाण्याचे शब्द पुन्हा विकर्नेसचेच. पुढे फेनरिझने त्या काळाबद्दल खेद व्यक्त केला. बरं केलं. पण ‘पोरवय होतं’ म्हणून ते पुसता येत नाही. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. बावीसाव्या वर्षी आपल्यातले निम्मे लोक इंजिनिअर झालेले असतात.

माझा मुद्दा मात्र माफीचा नाही, तर्काचा आहे. आधी म्हणायचं, आवाज शुद्ध हवा. मग म्हणायचं, बँड शुद्ध हवेत, नकली नकोत. मग देश शुद्ध. मग रक्त. ही उतरंड डार्कथ्रोनच्या चार वर्षांत स्पष्ट दिसते. आवाजाची शुद्धता मागणारा प्रत्येक जण शेवटच्या पायरीवर पोचतोच असं नाही. बहुतेक जण पहिल्या पायरीवरच टी-शर्ट घालून बसलेले असतात. पण जिना तोच आहे, हे कबूल करा. आणि विनोद बघा. ज्या अल्बमवर नॉर्वेजियन आर्यत्वाचा शिक्का मारला, त्याच्या नावात रोमानियातला प्रांत आहे आणि तो काढला इंग्लंडच्या लेबलने!

इथे एक खास मराठी भानगड आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये पुण्यातून ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ प्रसिद्ध केलं आणि वैदिक आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं असं मांडलं. त्यामुळे आमच्या मेटलवाल्या कट्ट्यावर एक जण हमखास म्हणायचा, ‘अरे, मग आर्य तर आपणच की!’ अर्धी गंमत, अर्धा अभिमान. ज्याने ते शब्द छापले त्याच्या डोक्यातल्या नकाशात हडपसरचा सावळा पोरगा नव्हता, हे सांगितलं की तो हिरमुसायचा. खरं तर त्याने हिरमुसायचं कारण वेगळं असायला हवं होतं. नकाशात आपण का नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. असा नकाशा कशाला हवा, हा प्रश्न आहे. ‘शुद्ध’ हा शब्द आपल्याकडे तुपाच्या डब्यावरही असतो आणि भाड्याने घर देताना विचारलेल्या प्रश्नांतही असतो. तो नेहमी कुणाला तरी दाराबाहेर ठेवण्यासाठीच लागतो.

डार्कथ्रोन त्या जिन्यावरून खाली आला तो भाषणं करून नाही, संगीत बदलून. २००६ च्या ‘द कल्ट इज अलाइव्ह’मध्ये उघड पंक आलं. ‘एफ.ओ.ए.डी.’ आणि ‘सर्कल द वॅगन्स’मध्ये ते आणखी मोकळं झालं. २०१३ च्या ‘द अंडरग्राउंड रेझिस्टन्स’मध्ये फेनरिझ चक्क ऐंशीच्या दशकातल्या हेवी मेटलसारखा उंच आवाजात गातो, शेवटचं गाणं तेरा मिनिटांहून लांब आहे. २०२१ च्या ‘इटर्नल हेल्स’मध्ये पाचच गाणी, लांब, जड, डुलत चालणारी. आणि एकेका अल्बमसोबत फेनरिझ सांगत राहिला की हे मी अमक्याकडून घेतलं, ते तमक्याकडून, त्यांना जाऊन ऐका. १९९४ मध्ये जे लपवलं गेलं, तेच उसनवारीचं खातं त्याने उघडून दाखवलं. माझ्या लेखी त्याची खरी दुरुस्ती ही आहे.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. बदल म्हणजे आपोआप प्रगती नव्हे. मान्य. २००१ चा ‘प्लेगविल्डर’ मला कंटाळवाणा वाटतो, आणि नव्या अल्बमांतलं एखादं गाणं दोन मित्रांनी शनिवारी दुपारी जमून उरकल्यासारखं वाटतं. अनेक बँड पैशासाठी बदलतात, हेही खरं. पण डार्कथ्रोनवर तो आरोप चिकटत नाही. नव्वदच्या दशकानंतर हे दोघं डार्कथ्रोन म्हणून स्टेजवर चढलेलेच नाहीत; मेटलमध्ये पैसा दौऱ्यांत असतो, आणि यांनी दौराच केला नाही. फेनरिझने वर्षानुवर्षं टपालखात्यात नोकरी केली. आणि हो, मीसुद्धा सगळ्यात जास्त वेळा १९९२ ते ९४ चेच अल्बम लावतो. ते थोर आहेत. पण थोर असणं वेगळं आणि कायदा असणं वेगळं. एखादी गोष्ट आवडते म्हणून ती बनवणाऱ्याने आयुष्यभर तीच बनवावी, ही मागणी चाहत्याची नाही, गिऱ्हाइकाची आहे.

२०२० मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपल्या कायमस्वरूपी प्रदर्शनात ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ ठेवला. देशाच्या जुन्या हस्तलिखितांच्या आणि ग्रंथांच्या शेजारी. त्याआधी २०१६ मध्ये बातमी फिरली होती की फेनरिझ गावच्या नगरपरिषदेवर राखीव सदस्य म्हणून निवडून आलाय. प्रचाराचा फोटो मांजरासोबत, आणि संदेश, मला मत देऊ नका. शुद्धतावाल्यांना या दोन्ही बातम्यांनी त्रास झाला. ज्याला त्यांनी बर्फात उभं करून ठेवलं होतं, तो माणूस घरी जाऊन मांजराला खाऊ घालत होता.

आज रात्री हेडफोन लावा. ‘सोलसाइड जर्नी’, ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’, ‘द अंडरग्राउंड रेझिस्टन्स’, याच क्रमाने, न थांबता. मधल्या अल्बमचं मलपृष्ठ शोधून वाचा आणि वाचल्यानंतरही ऐकायचं की नाही ते स्वतः ठरवा. मी ऐकतो, पण ते शब्द झाकून नाही. आणि तिन्ही संपल्यावर यातलं खरं कुठलं असं कुणी विचारलं, तर त्याला आधी विचारा, हे माहीत करून घेऊन तुला नेमकं कुणाला बाहेर काढायचंय?