मन खचले तर कॅन्सरच्या उपचारांवर परिणाम होतो का?

"टेन्शन घेतोस म्हणून औषध लागू पडत नाही," असे तुमच्या घरात रुग्णाला कोणी म्हणते का?

2024 मध्ये चीनमधील फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या 227 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इम्युनोथेरपीआधीच ज्यांना नैराश्याची किंवा चिंतेची लक्षणे होती, त्यांचा आजार साधारण 8 महिने आटोक्यात राहिला. इतरांचा साडेपंधरा महिने. दोन्हींचा संबंध दिसला, पण मन खचल्यामुळेच आजार वाढला हे यातून सिद्ध होत नाही. म्हणून रुग्णाला दोष देऊ नका.

शहापूर-मुरबाडच्या रुग्णाचे नुकसान बऱ्याचदा वेगळ्या कारणाने होते. मुरबाडहून परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचे तर आधी कल्याणपर्यंत एसटी, मग लोकल. झोप नाही, जेवण जात नाही, खचलेला माणूस म्हणतो, "या वेळी राहू द्या." रेडिएशन सहसा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालते. तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये मधले दिवस चुकले, तर त्याचा गुण कमी येतो.

दोन आठवडे उदासी, चिंता किंवा झोपेचा त्रास राहिला, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नैराश्यावर उपचार आहेत. 14416 या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येते. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. रुग्ण जीव देण्याचे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. लगेच दवाखान्यात न्या.